आज्ञापर्यायाची निवृत्ती : क्यूएमू या आभासी यंत्रप्रणालीच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : आभासी यंत्र, आज्ञापर्याय, निवृत्तिसूचना, अनुकूलता, मुक्त संगणकप्रणाली

प्रस्तावना

विद्यापीठाने एखाद्या विषयाचा अभ्यासक्रम बदलला म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाचे प्रश्नच उरत नाहीत, असे होत नाही. अनुत्तीर्ण राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमानुसार आणखी काही सत्रे परीक्षा घ्याव्या लागतात, प्रश्नपत्रिका काढाव्या लागतात, आणि त्या संधी केव्हा संपतील हे परिपत्रकाने कळवावे लागते. परिपत्रक निघाले याचा अर्थ ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले असा नव्हे, हा अनुभव अध्यापकवर्गाला नवा नाही. संगणकप्रणालीच्या क्षेत्रात हाच प्रश्न निराळ्या रूपात सतत उपस्थित होत असतो. जुनी सोय काढून टाकायची आहे, परंतु तिच्यावर विसंबून असलेली माणसे किती, कोठे आणि कोण, हे प्रणालीकर्त्याला ठाऊक नसते.

अशा सोयीबाबत आधी 'डेप्रिकेशन' जाहीर केले जाते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्रार्थना करून अनिष्ट टाळणे असा आहे. 'बंद करणे' हा अर्थ त्यात नाही, आणि व्यवहारातही ती सोय त्या क्षणी बंद होत नसते. ती चालू असते. मात्र 'यापुढे हिच्यावर विसंबू नये' असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात यासाठी 'निवृत्तिसूचना' हा शब्द योजला आहे. तसेच 'ऑप्शन' या अर्थी 'आज्ञापर्याय' हा शब्द वापरला असून, त्याच्या जागी सुचविलेल्या नव्या व्यवस्थेस 'बदली रूप' म्हटले आहे. अन्यथा 'पर्यायाचा पर्याय' अशी विचित्र शब्दरचना करावी लागली असती.

विवेचनासाठी 'क्यूएमू' ही प्रणाली निवडण्याचे कारण असे, की तिच्या निवृत्तिसूचनांची व काढून टाकलेल्या सोयींची यादी आवृत्तीच्या क्रमांकासह सर्वांना उपलब्ध आहे. त्यामुळे एखादा जुना आज्ञापर्याय काढताना नेमके काय घडते, हे अनुमानाने नव्हे तर नोंदींवरून पाहता येते.

आभासी यंत्र आणि त्याचे आज्ञापर्याय

आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटात प्रणालीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. ज्यावर तो उभा राहतो तो यजमान आणि आत चालणारा तो पाहुणा, असे संबोधण्याचा प्रघात आहे. पाहुण्याला आपल्याजवळ खरा प्रोसेसर, खरी डिस्क, खरे नेटवर्क कार्ड आहे असेच वाटत असते. फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी क्यूएमू ही प्रणाली २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आज विविध कंपन्यांतील व स्वतंत्र असे अनेक प्रणालीकार मिळून तिचा विकास करतात.

पाहुण्याला कोणती सामग्री द्यावयाची, हे आज्ञेच्या ओळीवर लिहिलेल्या पर्यायांनी ठरते. स्मृती किती, डिस्क कोणती, ध्वनी हवा की नको, या प्रत्येकासाठी आडव्या रेघेने सुरू होणारा एकेक शब्द असतो. प्रारंभीच्या काळात नवे उपकरण आले की त्यासाठी नवा आज्ञापर्याय जोडला जाई. घराला खोली हवी म्हणून खोली बांधावी, दार हवे म्हणून दार पाडावे, तशी ही वाढ झाली. २००९ च्या सुमारास '-डिव्हाइस' हा सर्वसाधारण आज्ञापर्याय आला आणि कोणतेही उपकरण एकाच पद्धतीने जोडण्याची सोय झाली. तेव्हापासून जुने विशेष पर्याय आणि नवा सर्वसाधारण पर्याय असा दुहेरी संसार सुरू झाला.

जुना पर्याय राहिला तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. प्रत्येक जुन्या पर्यायामागे काही ओळींची संहिता असते. ती तपासावी लागते. ती दस्तऐवजात नमूद करावी लागते. आणि दोन पर्याय एकत्र आले तर कोणाचे ऐकावयाचे, हेही ठरवावे लागते. पर्यायांची संख्या जसजशी वाढते तसतशा त्यांच्या परस्परांशी होणाऱ्या जोड्या तिच्याहून कितीतरी वेगाने वाढतात. शिवाय नव्या वापरकर्त्याला एकच काम करण्याच्या तीन रीती दिसतात व त्यांपैकी योग्य कोणती हे उमगत नाही.

'-नो-केव्हीएम' : आठ वर्षांची निवृत्ती

'केव्हीएम' ही सोय २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झाली. प्रोसेसरमध्येच असलेल्या आभासीकरणाच्या क्षमतेचा तिच्यामुळे उपयोग करता येऊ लागला व पाहुणा जवळजवळ खऱ्या वेगाने चालू लागला. त्या वेळी क्यूएमूची 'क्यूएमू-केव्हीएम' ही एक स्वतंत्र शाखा वाढत होती. तिच्यात केव्हीएम आपोआप सुरू असे. नको असल्यास '-नो-केव्हीएम' असे लिहावे लागे. मूळ क्यूएमूमध्ये नेमके याच्या उलट होते. तेथे केव्हीएम हवे असल्यास ते मागावे लागे.

डिसेंबर २०१२ मधील १.३ या आवृत्तीत ही शाखा मूळ प्रवाहात विलीन झाली. शाखेच्या वापरकर्त्यांच्या जुन्या आज्ञा मोडू नयेत म्हणून '-नो-केव्हीएम' ठेवण्यात आला, परंतु तेव्हापासूनच तो निवृत्तिसूचित मानला गेला. तो प्रत्यक्षात काढला गेला डिसेंबर २०२० मधील ५.२ या आवृत्तीत. दोहोंमध्ये आठ वर्षे गेली.

हा पर्याय जाणे इष्ट होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्याचे कारण केवळ जुनेपणा हे नाही. 'केव्हीएम नको' या वाक्यात काय नको ते कळते, काय हवे ते कळत नाही. वेग देणारी यंत्रणा एकच होती तोवर नकाराचा अर्थ आपोआप स्पष्ट होता. पुढे मॅक व विंडोजवरील निराळ्या यंत्रणांचीही क्यूएमूला जोड मिळाली. अनेक यंत्रणा असताना एकीला नकार देणारा शब्द संदिग्ध ठरतो. '-अ‍ॅक्सेल टीसीजी' हे बदली रूप मात्र कोणती यंत्रणा हवी ते नाव घेऊन सांगते.

'-सिंगलस्टेप' या पर्यायाची कथा याहून गमतीची आहे. नावावरून तो पाहुण्याला एकेक सूचना चालवून थांबवीत असेल असे वाटते. वस्तुतः क्यूएमू पाहुण्याच्या सूचनांचे गट करून त्यांचे भाषांतर करते, आणि हा पर्याय एका गटात एकच सूचना ठेवावयास सांगतो, एवढेच. थांबण्याचा संबंध नाही. ८.१ या आवृत्तीत (ऑगस्ट २०२३) त्याला निवृत्तिसूचना मिळाली आणि त्याच्या कार्याचे यथार्थ वर्णन करणारे लांबलचक नाव देऊन ते काम टीसीजीच्या गुणधर्मांत हलविण्यात आले. नाव चुकले म्हणून निवृत्ती, असा हा प्रकार.

सूचनेची मुदत

ऑगस्ट २०१७ मधील २.१० या आवृत्तीपर्यंत क्यूएमूकडे यासंबंधी लिखित धोरण नव्हते, तशी यादीही नव्हती. त्या आवृत्तीपासून नियम झाला. ज्या आवृत्तीत निवृत्तिसूचना दिली ती व तिच्या पुढची एक, अशा दोन आवृत्त्यांत सोय चालू राहील. त्यानंतर ती काढली जाऊ शकते. त्यापूर्वीच्या सर्व सूचना २.१० मध्येच दिल्या असे मानावे, असेही ठरले. म्हणजे आधी पाच वर्षे सूचनेखाली असलेल्या '-नो-केव्हीएम'चीही मुदत नव्याने मोजली गेली.

क्यूएमूच्या वर्षाला साधारणतः तीन आवृत्त्या निघतात : एप्रिल, ऑगस्ट व डिसेंबर. या हिशेबाने किमान मुदत सुमारे आठ महिने पडते. कागदावर ही मुदत पुरेशी दिसते. परंतु वापरकर्ता क्यूएमूच्या प्रत्येक आवृत्तीतून जात नाही, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. तो डेबियन किंवा उबंटू यांसारख्या संचातून मिळेल ती आवृत्ती वापरतो, आणि संच दोन-दोन वर्षांनी बदलतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. '-नो-एसीपीआय' या पर्यायाला ८.० मध्ये (एप्रिल २०२३) निवृत्तिसूचना मिळाली व ९.० मध्ये (एप्रिल २०२४) तो काढण्यात आला. नियमाने आवश्यक होते त्यापेक्षा एक आवृत्ती अधिकच मिळाली. आता जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये क्यूएमूची ७.२ ही आवृत्ती होती, आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये १०.० ही आहे. डेबियन १२ वरून १३ वर गेलेल्या वापरकर्त्याच्या दृष्टीने पाहिले, तर जुन्या संचात पर्याय निर्धोक होता आणि नव्या संचात तो अस्तित्वातच नाही. सूचना निघाली, तिची मुदत भरली, अंमलबजावणीही झाली, आणि हे सर्व त्याच्या दोन संचांच्या मधल्या अवकाशात घडून गेले. उबंटूच्या वापरकर्त्याचे दैव निराळे. २२.०४ मध्ये ६.२ ही आवृत्ती होती व २४.०४ मध्ये ८.२, म्हणजे त्याला पर्याय सूचनेच्या अवस्थेत भेटतो. एकाच नियमाने एकाला दोन वर्षे आणि दुसऱ्याला शून्य दिवस मिळाले.

नियम मोडला असे येथे कोणालाही म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच हा विषय नियमाच्या शब्दांपलीकडे जाऊन पाहावा लागतो.

सूचना कोणाच्या कानी पडते?

सूचना देण्याचे मार्ग दोन आहेत. एक, दस्तऐवजातील यादी. दुसरा, आज्ञा चालविताना पडद्यावर उमटणारा इशारा. धोरणाने दुसरा मार्ग ऐच्छिक ठेवला आहे. इशारा उमटला तरी तो वाचणारा माणूस समोर असेलच असे नाही. मोठ्या संस्थांत क्यूएमू हाताने चालविले जात नाही; 'लिबव्हर्ट' यासारखी व्यवस्थापन-प्रणाली ते चालविते. क्यूएमूने काढलेला इशारा अशा वेळी एखाद्या नोंदवहीच्या फाइलीत जाऊन पडतो. यंत्र सुरू झालेले असते, त्यामुळे ती फाइल कोणी उघडत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात याचा प्रत्यय आला. डिस्कचा अनुक्रमांक '-ड्राइव्ह' या पर्यायातच 'सिरियल' म्हणून लिहिण्याची जुनी सोय होती. अनुक्रमांक हा डिस्कचा गुणधर्म असल्यामुळे तो '-डिव्हाइस'कडे असावा, हा विचार योग्यच होता. २.१० मध्ये सूचना दिली गेली, दोन आवृत्त्यांची मुदत उलटली, आणि ३.० च्या तयारीत ती सोय काढण्यात आली. त्यानंतर लक्षात आले की लिबव्हर्टची तेव्हाची चालू आवृत्ती अद्याप तीच सोय वापरीत आहे. परिणामी जुलैमध्ये काढलेली संहिता परत बसवावी लागली व निवृत्ती लांबणीवर पडली. जगातील क्यूएमूचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जाणता ग्राहकच जर सूचनेनुसार वेळेत बदलू शकला नाही, तर एखाद्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाकडून काय अपेक्षा करावी? आज क्यूएमूच्या निवृत्तिसूचनांच्या यादीत फेरफार सुचविला गेला की तो लिबव्हर्टच्या मंडळींकडेही परीक्षणासाठी जावा, अशी तरतूद प्रकल्पाच्या नोंदीतच आहे. परिपत्रक फलकावर लावण्याऐवजी संबंधिताच्या हाती देण्याचा हा मार्ग अधिक परिणामकारक म्हणावा लागेल.

ब्रेलचा आक्षेप

या सर्व इतिहासात '-यूएसबीडिव्हाइस' या पर्यायाचे प्रकरण सर्वांत बोधक आहे.

यूएसबीने जोडावयाची उपकरणे पाहुण्याला देण्यासाठी हा जुना पर्याय होता. '-यूएसबीडिव्हाइस टॅब्लेट' हे त्याचे सर्वपरिचित रूप. माउसची खूण यजमानाच्या पडद्यावर एके ठिकाणी आणि पाहुण्याच्या पडद्यावर भलतीकडे, असा जो त्रास होतो तो या एका शब्दजोडीने मिटतो, कारण टॅब्लेट हे उपकरण सरकण्याचे अंतर न सांगता पडद्यावरील निश्चित स्थान सांगते. २.१० मध्ये या पर्यायाला निवृत्तिसूचना मिळाली. युक्तिवाद असा, की '-डिव्हाइस यूएसबी-टॅब्लेट' याने तेच साधते, मग दोन रीती कशाला? मात्र दोन्ही रीती तंतोतंत समान नव्हत्या. जुना पर्याय पाहुण्याच्या यंत्रात यूएसबीचा नियंत्रक नसेल तर तोही आपण होऊन सुरू करीत असे. नव्या रीतीत तो स्वतंत्रपणे मागावा लागतो.

पर्याय काढण्याची वेळ आली तेव्हा तक्रारी आल्या, त्या '-यूएसबीडिव्हाइस ब्रेल' या रूपासंबंधी. हा पर्याय काय करतो हे समजून घेणे आवश्यक आहे. दृष्टिहीन वापरकर्त्याजवळ ब्रेल प्रदर्शक असतो. त्याच्या पट्टीवरील टिंबे वरखाली होऊन पडद्यावरील ओळ बोटांना वाचता येते. हे उपकरण यजमानाला जोडलेले असते. पाहुण्यात चाललेले वाचावयाचे तर पाहुण्यालाही असा प्रदर्शक दिसला पाहिजे. क्यूएमू पाहुण्यासमोर बाउम बनावटीच्या ब्रेल प्रदर्शकाची नक्कल उभी करते आणि तिच्याकडे आलेला मजकूर यजमानाच्या खऱ्या उपकरणाकडे पोहोचविते. जुन्या रीतीत यासाठी दोन शब्द पुरत. नव्या रीतीत यूएसबी नियंत्रक सुरू करावयाचा, मग ब्रेल जातीची एक अक्षरवाहिनी निर्माण करून तिला नाव द्यावयाचे, आणि नंतर यूएसबी-ब्रेल हे उपकरण घेऊन त्याला त्याच नावाने त्या वाहिनीशी बांधावयाचे, अशा तीन गोष्टी याच्या जागी येतात.

डोळस माणसाला हा फरक काही अक्षरांचा वाटेल. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज्ञेत चूक झाली आणि पाहुणा ब्रेलविना सुरू झाला, तर डोळस माणूस पडद्याकडे पाहून चूक शोधतो. ज्याच्या बोटांखालची पट्टीच पाहुण्याबाबत मूक राहिली आहे, त्याला पाहुण्यातील काहीच कळण्याचा मार्ग उरत नाही. ज्या सोयीवर इतर सर्व गोष्टींचे वाचन अवलंबून आहे, ती लहान व लक्षात राहणारी असणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. शिवाय एखाद्या संगणकसंचाची ब्रेलयोग्यता खरे उपकरण गुंतवून न ठेवता आभासी यंत्रात तपासता येते. डेबियनच्या स्थापनाप्रणालीला यूएसबी ब्रेल प्रदर्शक आपोआप ओळखता येतो, आणि असे गुण तपासण्यासाठी हा छोटा पर्याय सोयीचा आहे.

२०२१ मध्ये, ६.० या आवृत्तीच्या वेळी, '-यूएसबीडिव्हाइस' वरील निवृत्तिसूचना मागे घेण्यात आली. दिलेले कारण प्रांजळ होते : काहींना ब्रेलचे रूप उपयुक्त आहे, ते सांभाळण्याचा बोजा फारसा नाही, आणि नियंत्रकाची काळजी वापरकर्त्याला करावी लागत नाही हेही सोयीचेच आहे. एकच अपवाद झाला. '-यूएसबीडिव्हाइस ऑडिओ' मात्र काढून टाकला गेला, कारण आवाज कोठे पाठवावयाचा हे सांगण्याची त्यात तरतूदच नव्हती. संपूर्ण पर्यायाचा एकदम निवाडा न करता त्याची अंगे वेगळी करून पाहिली गेली, हे येथे विशेष उल्लेखनीय आहे.

ऑगस्ट २०१७ ते एप्रिल २०२१ हा काळ सूचनेची मुदत म्हणून मोजला जातो. वस्तुतः तो सुनावणीचा काळ होता. निवृत्तिसूचना हा निकाल मानला तर तक्रार म्हणजे अडथळा ठरते. ती पृच्छा मानली तर तक्रार म्हणजे उत्तर. क्यूएमूच्या मंडळींनी येथे दुसरा अर्थ घेतला. बहुसंख्य वापरकर्ते टॅब्लेटसाठी हा पर्याय वापरीत असणार, तरी तो वाचला अल्पसंख्यांच्या गरजेमुळे. आणि वाचल्यावर त्याचा लाभ सर्वांना झाला. वापरकर्त्यांची संख्या हा एकमेव निकष ठेवला असता तर निर्णय कसा झाला असता, हे सांगणे अवघड नाही. अर्थात ज्यांना प्रकल्पाच्या चर्चेत इंग्रजीतून तक्रार मांडता येत नाही, त्यांची उत्तरे या पृच्छेला मिळत नाहीत, ही मर्यादा नजरेआड करता येत नाही.

दोन वाचक

आज्ञेच्या ओळीचे वाचक दोन असतात. लिबव्हर्टसारख्या प्रणालीला लांबी खुपत नाही. तिला नि:संदिग्धता हवी. माणसाला आठवेल असा शब्द हवा. जुने पर्याय काढण्याच्या पहिल्या उत्साहात यंत्रवाचकाची गरज तेवढी पाहिली गेली, असे वाटते. पुढे तोल सावरला. नेटवर्कसाठी '-नेटडेव्ह' व '-डिव्हाइस' अशी दोन पदे लिहावी लागत. २०१८ च्या २.१२ या आवृत्तीत '-निक' हा एकच संक्षिप्त पर्याय आला. ध्वनीसाठीचा '-साउंडएचडब्ल्यू' ऑगस्ट २०२२ मधील ७.१ या आवृत्तीत गेला, परंतु त्याच आवृत्तीत '-ऑडिओ' हा आटोपशीर पर्याय त्याच्या जागी ठेवून. डिस्कसाठीचा '-एचडीए' हा तर अगदी जुना पर्याय अद्याप नांदतो आहे. तो संक्षिप्त रूप म्हणून आत नव्या यंत्रणेकडेच काम सोपवितो, म्हणून त्याचा भार होत नाही.

अध्यापनातील एक व्यावहारिक बाजू

कार्यप्रणाली हा विषय शिकविताना एमआयटीची 'एक्सव्ही६' ही छोटी कार्यप्रणाली क्यूएमूवर चालविण्याचा प्रघात आपल्याकडेही आहे; मुंबईच्या आयआयटीतील अध्यापनातही ती वापरली गेली आहे. तिच्या जुन्या आवृत्तीतील आज्ञा नव्या क्यूएमूवर चालविल्या असता डिस्कचे स्वरूप स्पष्ट लिहिले नसल्याचा इशारा उमटतो. विद्यार्थी तो त्रुटी समजून घाबरतात, किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन पुढील सर्वच इशारे दुर्लक्षितात. दोन्ही सवयी घातक आहेत. इशारा आणि त्रुटी यांतील भेद या निमित्ताने पहिल्याच तासिकेला समजावून देता येतो.

छापील प्रात्यक्षिक पुस्तिकांचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण कागदावर इशारा उमटत नाही. '-नो-केव्हीएम' असलेली आज्ञा आजच्या यंत्रावर दिली तर पर्याय अवैध असल्याचे सांगून क्यूएमू थांबते. तो कधीकाळी वैध होता आणि त्याच्या जागी काय लिहावे, हे तो संदेश सांगत नाही. ही माहिती क्यूएमूच्या दस्तऐवजातील 'काढून टाकलेल्या सोयी' या प्रकरणात बदली रूपासह मिळते. पुस्तिकेच्या प्रत्येक नव्या मुद्रणापूर्वी तिच्यातील आज्ञा या प्रकरणाशी आणि त्याच्या शेजारच्या निवृत्तिसूचनांच्या यादीशी ताडून पाहाव्यात, तसेच प्रत्येक आज्ञेखाली ती कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिली तो क्रमांक छापावा. प्रयोगशाळेतील यंत्रांवर डेबियन असल्यास हे काम संच बदलण्याच्या आधी करावे लागेल, कारण वर दाखविल्याप्रमाणे अशा वेळी मधली सूचना वाटेत भेटेलच असे नाही.